सगळीकडे तीन

परशुअण्णांचं प्रमोशन मी अडवलं होतं.

ऑफिसमध्ये हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. आता सगळ्यांना कळू दे.

परवा सकाळी अण्णा गेले. हार्ट अटॅक. चोपन्न वर्षांचे होते.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सर्जापूर रोडवरच्या आमच्या कंपनीत टेस्टिंग लॅबमध्ये होते. मूळचे खानापूरकडचे. डिप्लोमा करून बंगळुरूला आले आणि इथलेच झाले.

मी एचआरमध्ये. पुण्याची, मानसशास्त्रात एम.ए., आणि तेव्हा स्वतःला फार शहाणी समजणारी.

चार वर्षांपूर्वी लॅबला लीड, म्हणजे प्रमुख, हवा होता. निवड 'सायंटिफिक' व्हावी म्हणून मी पर्सनॅलिटी टेस्ट आणली. साठ वाक्यं. 'मी इतरांना मदत करतो.' 'मला पुढाकार घ्यायला आवडतं.' असली.

प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं.

बाकीच्यांनी दहा मिनिटांत उरकलं. अण्णा तासभर बसले. वाक्य वाचायचे, चष्मा काढून पुसायचे, परत लावून तेच वाक्य वाचायचे.

आणि साठच्या साठ ठिकाणी तीन.

मला रागच आला. एवढी मेहनत घेऊन टेस्ट आणली आणि हा माणूस चेष्टा करतोय, असं वाटलं. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'टेस्ट गांभीर्याने घेतली नाही. व्यक्तिमत्त्वात ठळक काही नाही. नेतृत्वाची इच्छा दिसत नाही.'

ज्याला गांभीर्य नाही तो तासभर कशाला बसेल, एवढंही मला सुचलं नाही.

लीड दुसराच झाला. त्याचे जवळजवळ सगळे पाच होते. वर्षभरात तो दुसऱ्या कंपनीत गेला. तोवर लॅब अण्णाच चालवत होते. मी सोडून सगळ्यांना ते दिसत होतं.

एकदा कँटीनमध्ये विचारलंच.

"अण्णा, त्या टेस्टमध्ये सगळीकडे तीन का हो?"

ते लाजले. "मॅडम, मी लोकांना मदत करतो, असं मीच कसं लिहू? ज्यांना केली असंल त्यांना विचारा की."

"मग एक लिहायचं होतं."

"ते खोटं झालं असतं की ओ."

आमच्या शास्त्रात एक जुना वाद आहे. माणूस वागतो तो स्वभावामुळे, की भोवतालच्या माणसांमुळे आणि वळणामुळे? परीक्षेत मी यावर पानंच्या पानं लिहिली होती. आपलं कौतुक आपण करू नये असं ज्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, ती माणसं अशा टेस्टमध्ये मधला आकडा निवडतात, हेही लिहिलं होतं. मार्क चांगले पडले.

समोर खरा माणूस बसला तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

मी म्हटलं, "पुढच्या रिव्ह्यूला रिपोर्ट दुरुस्त करते."

"सरी, मॅडम," असं कन्नडमधलं 'ठीक आहे' म्हणाले आणि ताट उचलून गेले. परत कधी विषय काढला नाही.

मीही काढला नाही. आधी रिव्ह्यू पुढे गेला, मग फॉरमॅट बदलला, मग मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. दरम्यान बाहेरून नवीन लीड आला. कारणं माझ्याकडे ढीगभर होती. खरं कारण एकच. दुरुस्ती करायची तर आपण चुकलो हे वरच्या साहेबांना सांगावं लागलं असतं.

काल जयनगरला त्यांच्या घरी गेले. तो रिपोर्ट पर्समध्ये घेऊन गेले होते. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीअक्कांना, सगळं सांगितलं. सांगताना मीच रडले. पाणी त्यांनीच आणून दिलं.

"अक्का, त्यांना लीड व्हायचं होतं का?"

"व्हायचं होतं की. लीड होतील त्या दिवशी घालायला म्हणून शर्ट शिवून घेतला होता. कपाटात हाय अजून."

नेतृत्वाची इच्छा दिसत नाही. खाली माझी सही आहे.

अक्कांनी पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग अक्का म्हणाल्या, "ज्यांना मदत केली त्यांना विचारा म्हणाले होते न्हवं? मग विचारा की. बसलेत सगळी."

बाहेरच्या खोलीत ऑफिसची माणसं बसली होती. रिपोर्टला जोडलेला अण्णांचा फॉर्म आणि पेन काढून मी वाचायला लागले.

'मी इतरांना मदत करतो.'

लॅबमधली दिव्या म्हणाली, "पाच. माझी आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा आठ दिवस माझं काम त्यांनी केलं. कुणाला बोलले नाहीत."

'राग आला तरी मी शांत राहतो.'

गेटवरचे सिक्युरिटीवाले मंजुनाथ. त्यांना मराठी येत नाही, दिव्याने कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी पाची बोटं वर केली.

'मला गप्पा मारायला आवडतं.'

"दोन," अक्का म्हणाल्या. "घरात तोंड उघडायचे न्हाईत. खोटं कशाला लिवायचं?"

सगळे हसले. अक्काही हसल्या आणि मग बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या.

'मला पुढाकार घ्यायला आवडतं.'

कुणी आकडा सांगायच्या आत अक्कांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पाचभोवती गोल केला. गोल वाकडा आला.

अण्णा, नवीन रिपोर्ट आज सकाळी तुमच्या फाईलला लावला. साहेबांना पाठवला. माझी चूक काय होती तेही त्यात लिहिलं.

आता त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, माहीत आहे मला.

तो शर्ट अक्का कुणाला देणार नाहीत म्हणाल्या.

माफ करा, अण्णा. हात जोडून निरोप देते.