दोन तासांचं विमान

पडदा वर जातो तेव्हा एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर आणि मधोमध लोहगडवाडीतलं एक अंगण. नाताळच्या सुट्टीतला रविवार, सकाळचे आठ. घोंगडीवर हिरव्या लुगड्यात शालूबाई निजलेली, कपाळभर कुंकू. पहाटे गेली. उशाशी तिचा नवरा भिमाजी. आपल्या गोष्टीचा नायक हाच.

आयुष्यभर त्याने गडाच्या वाटेवर पिठलं-भाकरीची टपरी चालवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगितलं, "गड? हे काय, आलाच! अर्धा तास." हा अर्धा तास नुसत्या पायऱ्यांचा. दम खाणं, फोटो काढणं, वाट चुकणं त्याच्या हिशेबात नसे. संध्याकाळी लोक पाय ओढत खाली येत, त्याला शिव्या घालत आणि त्याच्याच टपरीवर ताक पीत.

"सार्थकला कळवलंय," त्याने भावकीला सांगितलं. "दिल्ली ते पुणं दोन तासांचं इमान. बाराच्या आत पोरगं हितं. आईला अग्नी त्योच देईल."

एकुलता एक लेक. शालूबाईच्या तोंडी शेवटचं नाव त्याचंच होतं. भावकी थांबली. माणूस उचलेपर्यंत कुणाची चूल पेटत नाही, पोरंसुद्धा चुरमुऱ्यांवर राहिली.

बाराला फोन वाजला. "आबा, आत्ता इमानात बसतोय."

"आत्ता? मग सकाळधरनं काय करत हुतास?"

"तिकीट मिळवायचं, विमानतळ गाठायचा, दोन तास आधी रांगेत... आबा, नुसतं इमानच दोन तासांचं असतंय वो!"

भिमाजीने फोन खिशात टाकला.

सव्वादोनला सार्थक पुण्यात उतरला. साडेतीनला देहूरोड. पाचला मळवली, आणि तिथून पुढे घाटभर गाड्याच गाड्या. भिमाजी कड्याशी जाऊन उभा राहिला. घाटाचं वळण न् वळण त्याला दिसत होतं. सगळं त्याचंच गिऱ्हाईक. वाट द्या म्हणून हात जोडले असते, पण कुणापुढं?

चुलतभाऊ बाजीराव मागून आला. "भिमा, तुझ्या अर्ध्या तासानं आजवर पुण्या-मुंबईची माणसं चालवलीस. आज दोन तासांवर भावकीला दिवसभर बसवलंस." मग त्याचाच आवाज उतरला. "दिवस गडाआड चाललाय. वैनी सकाळधरनं ताटकळल्यात. मडकं तू धर."

भिमाजीने पुन्हा एकदा घाटाकडे पाहिलं. एकही गाडी हलत नव्हती.

त्याने मडकं धरलं. दिवस मावळताना शालूबाईला अग्नी त्यानेच दिला.

लाकडं धडाडून पेटली आणि खिशातला फोन वाजला. सार्थक धापा टाकत होता.

"आबा, गाडी सोडली. पळत निघालोय. आई... थांबलाय न्हवं तुमी?"

भिमाजीने चितेकडे पाठ केली. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"थांबलोय रं. दमानं ये. हे काय, आलंच घर."