खारासुराची चाल

काशिरामचा उजवा हात करंजाच्या बंदरात गेला. म्हणजे हात आहे जागेवर, पण कामाचा राहिला नाही. जाळं ओढणाऱ्या विंचमध्ये दोर फिरला, दोराबरोबर बाही, आणि बाहीबरोबर कंबरेपर्यंत काशिराम. तेव्हापासून तो हात छातीशी मुडपलेला असतो आणि माणूस आडवा चालतो: आधी डावा खांदा, मग डावा पाय, आणि मग उरलेलं सगळं अंग, ओलं जाळं ओढावं तसं मागून. होडी सुटली, बिऱ्हाड पनवेलला आलं. बायको मैना मच्छी बाजारात बसू लागली. मासे ती विकायची, गिऱ्हाईक काशिराम बोलण्यात गुंतवून ठेवायचा.

मुलगी मोनाली नाटक शिकली आणि बेलपाड्याजवळच्या एका स्टुडिओत लागली. काम काय, असं कुणी विचारलं की मैना सांगायची, "राक्षस चालवते." खोटं नव्हतं ते. अंगभर सेन्सर लावलेला काळा सूट घालून मोनाली रिकाम्या हॉलमध्ये चालायची, पडायची, अंगावर धावून जायची. कॉम्प्युटर ते हलणं उचलून पडद्यावरच्या दहा मजली जनावराच्या अंगात घालायचा.

यंदाचं जनावर होतं खारासुर. खाडीच्या चिखलातून वर येतो, पूल मोडतो, आकाशातून उतरलेल्या दुसऱ्या राक्षसाशी लढतो. चित्र तयार होतं: पाठीवर कालवांचे थर, एक नांगी रणगाड्याएवढी, दुसरी तुटकी. अडलं होतं ते चालण्यात.

"हा सूट घातलेला माणूस वाटतोय," दिग्दर्शक चारुदत्त म्हणाला.

"आणखी हळू चालू?"

"मग हळू चालणारा माणूस दिसेल. वजन कुठंय त्याचं? आणि दोन्ही बाजूंनी सारखाच वार करतेयस. त्याला नांगी एकच आहे ना? एका नांगीचं जनावर लढतं कसं, ते शोधून आण. शुक्रवारी दाखव."

त्या संध्याकाळी मोनाली घरी आली तेव्हा काशिराम पाणी प्यायला उठत होता. डावा खांदा, डावा पाय, मग सगळं अंग. बारा वर्षं ती हे बघत होती. त्या दिवशी मात्र दारातच थबकली.

गुरुवारी तिनं रजा टाकली. मोबाइल टेबलावर तांब्याला टेकवून त्यात शूटिंग चालू ठेवलं आणि कॉटवर बसून राहिली.

"बाबा, चार्जर देतोस का? टीव्हीजवळ आहे."

"बाबा, गॅलरीचं दार लाव ना, धूळ येते."

"बाबा, उशी राहिली आतच."

असं नऊ वेळा उठवलं त्याला. शेवटी भिंतीला टेकून, धापा टाकत तो म्हणाला, "आज काय गो, राणी झालीस?" पण हसून म्हणाला. एरवी त्या घरात त्याला कुणी काम सांगत नसे.

शुक्रवारी हॉलमध्ये मोनाली चालली आणि मॉनिटरवर पहिल्यांदाच जमीन दबल्यासारखी वाटली. तुटकी बाजू लपवायची, धडधाकट खांदा पुढे करायचा, कंबर झोकायची आणि मग पूर्ण वजन शत्रूवर टाकायचं. चारुदत्त खुर्चीतून उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कुठून आणलंस हे?"

"खेकडे बघितले," मोनाली म्हणाली. "करंजाला जाऊन."

सिनेमा लागला तेव्हा तिनं आईबापाला पनवेलच्या मॉलमध्ये नेलं. मधल्या रांगेतली तिकिटं काढली होती. आपण ओळखू येईल असं काही केलंय, हे तिच्या मनातही नव्हतं. ती चाल आता खारासुराची होती, त्याच्या पाठीवर कालवं होती.

खारासुर चिखलातून निघाला. डावा खांदा. डावा पाय. पुढच्या रांगेतलं कॉलेजचं टोळकं खिदळलं, "ए, लंगडा आला रे."

मैना पुटपुटली, "मोने, ह्यो तर..." आणि काशिरामकडे बघू लागली.

मध्यंतरात दिवे लागले. "बाबा, जाऊन येतोस का?" मोनालीनं विचारलं.

"नाय लागली."

सिनेमा अडीच तासांचा. काशिराम जागचा हलला नाही. संपल्यावरही बसून राहिला. सगळं थेटर रिकामं झालं, झाडू घेऊन बाई आली, तेव्हा उठला. लोकांनी आपलं चालणं बघू नये म्हणून तो बसून राहिला, हे मोनालीला तेव्हा कळलं. जिन्यावर त्याचा हात धरायला गेली, तर त्यानं हात काढून घेतला.

मग बाजार. बर्फवाला विनायक वाईट माणूस नव्हे, पण त्याला विनोद मिळाला की सोडवत नाही. काशिराम दारात दिसला की ओरडायचा, "खारासुर आला, पूल सांभाळा." बायका हसायच्या. पहिल्या दिवशी काशिरामही हसला. चौथ्या दिवशी म्हणाला, गुडघा दुखतो. पुढे पंधरा दिवस घरातच.

एकदा स्टुडिओतून लवकर परतलेल्या मोनालीनं दाराच्या फटीतून पाहिलं. काशिराम भिंत धरून सरळ चालायचा सराव करत होता. उजवा पाय आधी. दात आवळलेले, कपाळावर घाम.

तिनं जिन्यातूनच चारुदत्तला फोन लावला. "दुसऱ्या भागात चाल बदलू."

"वेडी आहेस का? लोकांना तीच आवडली."

"मग मी नाही करणार."

"नको करूस," तो म्हणाला, रागानं नव्हे. "हालचाली सगळ्या साठवून ठेवल्यात आपण. तू नसलीस तरी तो चालेल."

ती आत गेली आणि काशिरामसमोर जमिनीवर बसली. नऊ वेळा उठवलं ते सांगितलं, मोबाइलचं सांगितलं, खेकड्यांचंही.

"मना थेटरातच कळला," काशिराम म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू खूश होतीस." थोडा वेळ तो आपला मुडपलेला हात चोळत राहिला. "चाल घेतलीस तर घेतलीस. पन तो पयला मारायला जातो गो. एका हाताचा गडी पयला जात नाय. पाठीला भित घेतो आनी वाट बघतो. ह्या हातानंतर मी कवा कुनाशी भांडलू?"

मोनालीला आठवेना. चालणं तिनं नऊ वेळा बघितलं होतं, हे एकदाही नाही.

"आता त्याची ती चाल बंद करता येल?"

"नाही, बाबा."

"मंग बाजारात येऊन सांग. मी कसा सांगू, का तो मी हाय म्हनून?"

सकाळी दोघं रिक्षानं गेली. मैना पुढं जाऊन बसली होती. विनायकानं तोंड उघडलं, "खारासुर..."

"विनायकदादा, ती चाल बाबांची आहे." शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेली मुलगी, पण आवाज कसाबसा समोरच्या बर्फापर्यंत गेला. तिला पुन्हा बोलावं लागलं. "मी घरात गुपचूप शूटिंग केलं. ऑफिसात सांगितलं, खेकडे बघितले."

विनायकानं हातातला बर्फ ओढायचा आकडा खाली ठेवला. "काका, मला वाटलं, नुसतं दिसतं तसं."

बर्फाशेजारी मासे विकणाऱ्या वेणूनं सुरमईवरची सुरी थांबवली. "म्हंजे बापाला खेकडा केलास."

"हो."

"लाज नाय वाटली?"

"वाटते, वेणूमावशी."

"तवा वाटलेली का?"

सगळा बाजार ऐकत होता. "तेव्हा नाही," मोनाली म्हणाली. "तेव्हा टाळ्या वाजत होत्या."

वेणूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "जा, आयेची पाटी ने तिकडं. बर्फ वितळतो."

विनायकाजवळ भरून ठेवलेली मैनेची बर्फाची पाटी मोनालीनं डोक्यावर घेतली. मैनेची जागा तीसेक पावलांवर होती. दोन्ही बाजूंच्या सुऱ्या थांबल्या होत्या आणि सगळ्या बायका तिच्या पायांकडे बघत होत्या. कुठला पाय आधी टाकायचा, तेच तिला सुचेना. मागून काशिराम येत होता. कसा येत होता, ते बघायला ती वळली नाही.