मागच्या अंगणातली साक्ष

आबांसाठी मागच्या अंगणात खोली बांधायची, हे मी आबांना न विचारताच ठरवलं. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, दार उत्तरेला, कारण इथं दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, म्हणजे हॅमिल्टनच्या थंडीतही ते आत येईल. ते सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. त्यांनी कायमचं इथं राहावं, एवढंच मला हवं होतं. ते मात्र घरभर येरझाऱ्या घालायचे, खिडक्या उघडायचे, लावायचे. बॅग त्यांनी अजून पुरती रिकामी केली नव्हती.

आम्ही वडार. आबा आणि आई कालव्यांची माती खणत गावोगाव फिरले. काम असेल तिथं पाल ठोकायचं, काम संपलं की गाढवावर संसार. माझ्या शाळा तशाच बदलत गेल्या. म्हणून मला पक्कं घर लागतं, आणि पक्कं घर मिळालं की त्यात चैन पडत नाही. नकाशा, मोजमाप हा माझा पोटापाण्याचा धंदा. अस्वस्थ वाटलं की मी काहीतरी मोजायला घेतो.

खणायचं यंत्र घेऊन आलेला डिगरवाला साठीचा गोरा माणूस. जुन्या ट्रकवर लाकडी घर बांधून तो त्यातच राहायचा. त्याची आजी इंग्लंडात घोडागाडीत जन्मली होती, जिप्सी म्हणत त्या लोकांना, असं त्यानं सांगितलं. काम होईपर्यंत ट्रक आमच्या गवतावर लावू का, असं त्यानं विचारलं. मी विम्याचा विचार करत होतो, तोवर आबा ट्रकमध्ये चढून भांडी बघून आले. प्रत्येक पातेल्यात फडकं कोंबलेलं होतं.

"ह्याची भांडी वाटेत वाजत न्हाईत," आबा मला म्हणाले. "घरचा माणूस हाय."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा खड्डा झाला होता, पण मधोमध गवतासकट मातीचा एक खांब उभा होता. आबांनी हातवारे करून तो ठेवायला लावला होता. आम्ही त्याला साक्ष म्हणायचो. आधी जमीन किती उंच होती ते त्यावरून कळतं, मग खड्डा किती खोल ते मोजून मजुरी ठरते. मोजणी झाली की आई साक्षीला हळदकुंकू लावायची, आबा ती पाडायचे आणि दुसऱ्या दिवशी मुक्काम हलायचा. आईच्या हातात कुंकवाची डबी दिसली की मी पाटी-दप्तर शोधायला पळायचो.

खड्ड्याची खोली मोजायला आता लेझर आहे, हे मी आबांना सांगितलं.

"ठावं हाय. पर साक्ष न ठेवता कधी खणलं न्हाई."

साक्ष पाडल्याशिवाय काँक्रीट ओतता येणार नव्हतं. ती पाड, हे मला डिगरवाल्याला सांगवेना. काँक्रीटच्या गाडीची वेळ मी दोनदा पुढं ढकलली. शेवटी बायको म्हणाली, अहो, मातीशी काय बोलत बसलाय, त्यांना विचारा.

आबा खड्ड्याच्या काठावर बसले होते. मी शेजारी बसलो.

"आबा, ही खोली तुमची आहे. साक्ष पाडली तरी तुम्ही कुठं जायचं नाही."

त्यांनी काठावरचं ढेकूळ उचलून चुरडलं.

"तुझी आई कालव्याच्या भरावात पुरलीया," ते म्हणाले. "तो भराव आम्ही दोघांनी टाकला. पाण्यानं खचला तर बघाय कोण हाय तिथं?"

वर्षातून एकदा तुम्हाला तिकडं पाठवीन, असं मी म्हणालो.

"वर्षातनं एकदा हिकडं येतो की. राहायचं तिकडंच."

सकाळी त्यांनी माझ्या बायकोकडून हळदकुंकू मागून घेतलं. डिगरवाल्यानं यंत्र बंद करून टोपी काढली. आबांनी फावड्यानं साक्ष पाडली, माती सारखी केली, आणि हात न धुताच आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागले. मी काँक्रीटवाल्याला फोन करून दुपारची वेळ घेतली. त्यानंतरचा फोन विमानाच्या तिकिटासाठी होता.