खिडकीतून धरलेली जागा

आमच्याकडे बसमध्ये जागा दारातून मिळत नसे, खिडकीतून मिळे. गाडी फलाटाला मागे येत असतानाच लोक तिच्याबरोबर पळायचे आणि रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला लागेल ते बाकावर टाकायचे. वस्तू पडली की जागा झाली. माझ्या आईचा रुमालावर विश्वास नव्हता. ती मलाच आत टाकायची. मी सहा-सात वर्षांची, काटकुळी. डोक्याकडून आत जायचे आणि हातपाय पसरून बाकावर पडून राहायचे. रुमाल कुणीही उचलून बाजूला ठेवील, पण परक्याचं पोर कोण उचलणार, असा तिचा हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली होती. टोळी कुणीच पाहिली नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. गोड बोलतात, नाव-गाव विचारतात, खायला देतात आणि ‘आई बोलावतेय’ म्हणून घेऊन जातात. जालन्याला मामाच्या घरी आईने मला समोर बसवून पाठच करून घेतलं.

“कोणी नाव इचारलं तर?”

“सांगायचं न्हाई.”

“गाव?”

“न्हाई.”

“खायला दिलं तर?”

“न्हाई.”

“कोणी म्हणलं, मी तुही मावशी हाय, तुह्या आईनं धाडलं, मंग?”

“बिलकुल न्हाई.”

मला हा खेळ फार आवडला. आपल्याजवळ नाव आणि गाव अशा दोन चोरीला जाण्याजोग्या वस्तू आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रात्री अंथरुणात मी ती दोन्ही मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि पुन्हा मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही अंबडला, घरी निघालो. स्टँडवर दोन गाड्या एकदमच मागे आल्या. कुणीतरी “अंबड, अंबड” ओरडलं. आईने मला उचललं, खिडकीतून आत सोडलं आणि खांबापाशी ठेवलेली ट्रंक आणायला वळली. ट्रंक घेऊन ती गर्दीबरोबर चढली ती अंबडच्या गाडीत. मी होते शेजारच्या, भोकरदनच्या. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की गाडी भरली, घंटी वाजली आणि आम्ही निघालो. आई मागे गर्दीत उभी असेल, असं मी धरून चालले.

गाव सुटलं तसं ऊन पांढरं झालं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच एखादं लिंबाचं झाड, आणि पुढे रस्त्यावर पाणी चमकत होतं. गाडी जवळ गेली की ते पाणी उठून आणखी पुढे जाऊन बसायचं. अंबडच्या रस्त्यावर मी ते कधी पाहिलं नव्हतं. गरम वारा तोंडावर यायचा, डोळे मिटायचे, उघडले की पुन्हा तेच रान. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक लांबट आरसा होता आणि त्यात त्याचे नुसते डोळे दिसायचे. ते सगळ्या गाडीवरून फिरायचे आणि माझ्यावर येऊन थांबायचे. मला वाटलं, हे डोळे आरशातच राहत असतील. ड्रायव्हर बदलतो, डोळे तेच. त्यांची मला भीती वाटली नाही. उलट त्यांच्या भरवशावर मी झोपून गेले.

जाग आली ती कंडक्टरच्या आवाजाने. “कोणासंग हायस गं तू?”

मी बाकाची कड धरली.

“नाव काय तुहं?”

मी ओठ घट्ट मिटले. मागे पाहिलं. आई नव्हती. पण पाठ केलेलं तोंडाशी होतं, आणि रडलं तर ते सुटून जाईल असं वाटलं.

मग सगळी गाडी माझ्या तपासाला लागली. एक पागोटेवाले म्हणाले, हे नाक आष्टीकडचं आहे. दुसऱ्याने माझ्या कानातले डूल पाहून सांगितलं की आष्टीचा काही संबंध नाही, असे डूल परतुरात मिळतात. पोर मुकी असेल, असंही एकाने सुचवलं. शेजारी बसलेल्या जाडजूड मावशीने मोसंबी सोलली आणि फोड माझ्या तोंडापुढे धरली. वास थेट डोक्यात गेला. घशाला कोरड पडली होती. मी मान फिरवली.

“शाणी हाय,” मावशी म्हणाली. “हिच्या आईनं पढवून ठिवलंय.”

राजूरला गाडी थांबली आणि कंडक्टरने ती पुढे न्यायला नकार दिला. पोर चुकून बसलेली आहे, आई मागून येईलच, असं त्याचं म्हणणं. एरवी गाडी जरा रेंगाळली की बोंब ठोकणारी माणसं त्या दिवशी मुकाट बसून राहिली. कुणाच्या तरी लग्नाची वेळ टळत होती, तोही काही बोलला नाही.

बऱ्याच वेळाने धुळीचा लोट उठला आणि त्यातून एक जीप आली. जीपमधून आई उतरली. ट्रंक नाही, एका पायात चप्पल नाही, केस सुटलेले, तोंड सुजलेलं. ती धावत पायऱ्या चढली, पण कंडक्टर दारात आडवा झाला.

“थांबा बाई. पोर तुमची, हे कशावरून?”

“अहो, मही लेक हाय! मी ट्रंक आणाया गेल्ते...”

“असंल. पण दिवस कसे हायेत? येईल त्याच्या हातात पोर कशी देऊ?” तो माझ्याकडे वळला. “बाळा, ही तुही आई हाय का?”

मी तिच्याकडे पाहिलं. तोंड आईचंच होतं. पण माझी आई रडत नसे. आणि ही रडत रडत म्हणत होती, “सांग बाई, सांग ना त्यांना.” सांग! माझ्या आईने मला कधी ‘सांग’ म्हटलं नव्हतं. अजून अर्धी झोपेत होते मी. वाटलं, टोळीवाल्यांनी आईचं तोंड घेतलं असेल. मी ओठ आणखी घट्ट मिटले, आणि आईचा चेहरा माझ्यासमोर विझत गेला. तो चेहरा मला अजून दिसतो.

ती धडपडून खुणा सांगू लागली. कानामागे तीळ आहे. बघितलं, होता. गुडघ्यावर पोळल्याचा डाग. तोही होता. कंडक्टर दारातून हलायला लागला, तशी मावशी म्हणाली, “डोळ्याला दिसतं ते कोणी बी सांगंन. न दिसणारं सांग.”

सगळ्या गाडीने माना वळवल्या. आरशातले डोळेसुद्धा आईकडे लागले. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि ती काय सांगणार ते मला कळलं. ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. बापालाही नाही, पहाटे उठून चादर तीच धुवायची.

“रातच्याला,” आई म्हणाली, “ही अजून बी...”

“आई, ते सांगू नको!” मी किंचाळले.

सगळी गाडी हसली. कंडक्टर बाजूला झाला. आईने मला इतकं घट्ट धरलं की डूल गालात रुतला, आणि मग मी रडले, पोटभर. मावशीने उरलेली मोसंबी माझ्या हातात कोंबली. परत येताना जीपमध्ये मी ती खाल्ली.

पुढे घरात ही गोष्ट शंभरदा सांगितली गेली. माझ्या लग्नातसुद्धा. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचंच, “पण रातच्याला काय?” आणि प्रत्येक वेळी आई पदर सारखा करत म्हणायची, “न्हाई सांगायचं.”

आता स्टँडवर कॅमेरे लागताहेत. पोर चुकीच्या गाडीत गेलं तर लगेच दिसेल म्हणतात, आणि ते बरंच आहे. माझ्या आईचे ते तास वाचले असते. परवा अंबडच्या गाडीची वाट बघत मी त्यातल्या एका कॅमेऱ्याखाली उभी होते. आईला जाऊन वर्ष झालंय. तिने ते वाक्य शेवटपर्यंत कुणापुढेच पुरं केलं नाही.