सरकत्या ओळींच्या ताई

पाणीपुरवठा कचेरीत पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळच्या टेबलाशी ताई बसत. काम एकच, लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं. नळाला पाणी नाही, नळाला गढूळ पाणी आहे, नळ बंद केला तरी पाणी थांबत नाही, अशी पत्रं रोज गठ्ठ्याने येत आणि ताई प्रत्येकाला नम्रपणे कळवत, "आपल्या पत्राची नोंद घेतली आहे." एका गृहस्थाने नऊ पानं लिहून कचेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यालाही त्यांनी "सविस्तर पत्राबद्दल आभारी आहोत" असंच लिहिलं. वीस वर्षांत एका शब्दानेही त्यांचा तोल गेला नव्हता. कचेरीबाहेरही तीच तऱ्हा. शिंप्याने एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं आखूड शिवली, तेव्हा "असू दे, तेवढा हात सुटसुटीत राहतो" म्हणून तो कपडा त्यांनी फाटेपर्यंत वापरला.

अशा या बाईच्या लिखाणावरून चार शहरांत भांडणं लागली, एका मंडळात फूट पडली आणि एका सभ्य माणसाने फ्लॉपी भिंतीवर फेकून मारली, हे कोणाला सांगून पटलं नसतं. ताईंना स्वतःलाही ते अधूनमधूनच पटायचं.

सगळ्याची सुरुवात झाली धाकट्या भावापासून. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे पोटं उघडून ठेवलेले टीव्ही, मागे एक अरुंद खोली, आणि त्या खोलीत एक कॉम्प्युटर. रविवारी दुकान बंद असलं की तिथे तिघं जमायचे. एक भाऊ. दुसरे दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर. तिसरे समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना चाली बांधायचा नाद होता, आणि पेशंट तोंड उघडून बसलेला असल्यामुळे चाल आवडली नाही असं त्यांना कधी कोणी म्हणू शकलं नव्हतं.

तिघं मिळून डेमो बनवायचे. डेमो म्हणजे काय हे भावाने ताईंना तीनदा समजावलं होतं.

"छोटासा प्रोग्राम असतो गं. चालू केला की स्क्रीनवर रंग फिरतात, चेंडू उड्या मारतात, गाणं वाजतं."

"मग?"

"मग संपतो."

"पण उपयोग काय त्याचा?"

"काही नाही! तीच तर गंमत आहे."

तेवढ्याशा मेमरीत कोण जास्त करामत करून दाखवतो, याची चुरस असायची. अशी हौशी मंडळं गावोगाव होती. ती एकमेकांना पोस्टाने फ्लॉप्या पाठवत आणि वर्षातून एकदा मेळावा भरवून मोठ्या पडद्यावर आपापले डेमो दाखवत. या तिघांच्या मंडळाचं नाव ‘उपद्रव’. नाव जबरदस्त होतं, पण तोवर त्यांचा कोणाला काडीचा उपद्रव झाल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांचा चेंडू उडी मारताना लंगडायचा, एवढीच त्यांची ख्याती.

डेमोत खालून वर सरकत जाणाऱ्या ओळीही असायच्या. त्यांतून मंडळं एकमेकांना रामराम करत, चिमटे काढत. ‘उपद्रव’च्या ओळी भाऊ लिहायचा. त्याने लिहिलं होतं, "नमस्कार. हा आमचा डेमो आहे. तो बघा. धन्यवाद." आणि हेच पुन्हा पुन्हा, एकतीस वेळा.

एका रविवारी भाऊ घरी किल्ली विसरला म्हणून ताई ती द्यायला दुकानात आल्या आणि एकतिसाव्या धन्यवादापर्यंत दारातच उभ्या राहिल्या.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," भाऊ म्हणाला.

"शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे, ते काही उगाच नाही."

"मग हेही लिही ना."

"यात लिहायचं काय असतं?"

"काही नाही हो ताई," पेंटर म्हणाले, "बाकीच्या मंडळांना जरा टोमणे मारायचे. मनात येईल ते. आणि आपलं खरं नाव द्यायचं नाही."

मनात येईल ते, आणि वर नाव द्यायचं नाही! वीस वर्षांत ताईंना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या खुर्ची ओढून बसल्या. जेवायला उठल्या तेव्हा चार पानं भरली होती आणि डॉक्टर एकेक पान वाचून दार लागलेलं आहे ना ते बघत होते.

‘झेप’ नावाच्या मंडळाबद्दल लिहिलं होतं, "‘झेप’चा नवा डेमो पाहिला. झेप कुठे दिसली नाही, धाप मात्र स्पष्ट ऐकू आली." आणखी एका मंडळाच्या संगीताबद्दल होतं, "यांचा डेमो लावला तेव्हा शेजारी येऊन म्हणाले, दाराच्या बिजागरीला तेल घाला." खाली सही होती, खाजकुयली.

महिनाभरात पोस्टमन दुकानात पत्रं टाकायला लागला. निम्मी धमक्यांची, निम्मी कौतुकाची, काही दोन्हींची. चेंडू अजून लंगडत होता, पण चेंडूकडे बघतो कोण? लोक फ्लॉपी घालायचे ते ओळी वाचायला. खाजकुयलीने आपलं नाव घेतलं तर अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि नाही घेतलं तर त्याहून जास्त. एका मंडळाचं काकुळतीला आलेलं पत्र होतं, "गेल्या दोन डेमोंत आमच्याबद्दल अवाक्षर नाही. आमचं काही चुकलं का?" खाजकुयली कोण यावर पैजा लागल्या. कोणी म्हणे नोकरीवरून काढलेला वकील, कोणी म्हणे वर्तमानपत्रातला खडूस उपसंपादक. बाई असेल असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. याचा ताईंना राग आला, आणि तो त्यांनी पुढच्या डेमोत काढला.

अडचण होती ती अक्षरांची. प्रत्येक अक्षर पेंटरांनी ठिपका ठिपका जोडून काढलेलं, आणि प्रत्येक अक्षर मेमरी खायचं. त्यामुळे काही अक्षरांना जागाच नव्हती. वेलांटी एकच होती, ऱ्हस्व. आणि ‘ढ’ नव्हता. टोमणे मारणाऱ्याला ‘ढ’ मिळू नये, ही काय चेष्टा आहे? एकही ‘ढ’ न वापरता लोकांना ढ म्हणण्याची कला ताईंना कमवावी लागली. खरं म्हणजे त्यामुळेच त्यांचं लिखाण सुधारलं.

त्यांचं लाडकं गिऱ्हाईक होतं ‘वर्तुळ’ मंडळ. सगळ्या मंडळांत उजवं, आणि त्याचे प्रमुख गणिताचे मास्तर. ‘वर्तुळ’चे डेमो भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतच नसत, त्यामुळे ताईंनी ते पाहिले नव्हते. पण न पाहता लिहिण्यात एक मोकळेपणा असतो. त्यांनी मास्तरांना तीन डेमोंत धारेवर धरलं. मास्तर चकार शब्द बोलले नाहीत. चौथ्यांदा मात्र एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं. "‘दीडशहाणा’ या शब्दात दी दीर्घ हवा. बाकी ठीक."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या खाऊन पचवणारी बाई, पण शुद्धलेखनावरून बोललेलं त्यांना सहन होईना.

"मला दीर्घ वेलांटी पाहिजे," त्यांनी भावाला सांगितलं.

"मेमरी कुठून आणू?"

"ते मला माहीत नाही."

मेमरी आणली ती डॉक्टरांच्या चालीतून. अर्धी चाल कापली गेली.

"ताई, एका वेलांटीपायी माझा अंतरा गेला," डॉक्टर हिरमुसून म्हणाले.

"शुद्धलेखनाचा प्रश्न आहे हो डॉक्टर."

"आणि आमचं संगीत काय अशुद्ध होतं?"

त्यावर ताई काही बोलल्या नाहीत, आणि ते डॉक्टरांना जास्त लागलं. मग एकदा चटक लागल्यावर ताईंनी ‘ढ’ मागितला. त्यासाठी पेंटरांचे डोंगर गेले. उद्गारचिन्हासाठी सूर्य गेला. मेळाव्याच्या वेळेपर्यंत ‘उपद्रव’च्या डेमोत ओळीच ओळी होत्या, आणि कोपऱ्यात तो चेंडू, जागा नसल्यामुळे आता जागच्या जागी लंगडणारा. डॉक्टर आणि पेंटर रविवारी उशिरा यायचे आणि लवकर निघायचे. भाऊ कोंबून कोंबून प्रोग्राम बसवत होता. "हे कधीतरी फुटणार बघ," तो म्हणायचा. ताई म्हणायच्या, "आणखी एकच ओळ."

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता, भर दुपारी, खिडक्यांना जाड पडदे लावून. ताई यापूर्वी कधी गेल्या नव्हत्या. या वेळी गेल्या, कारण मास्तरांसाठी त्यांनी एक खास वाक्य घडवलं होतं आणि ते वाचताना मास्तरांचा चेहरा कसा होतो हे त्यांना बघायचं होतं. मागच्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन त्या बसल्या. कोणाची तरी आई आली असेल, असं समजून लोकांनी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली.

आधी ‘वर्तुळ’चा डेमो लागला. काळ्याभोर पडद्यावर पाण्याचा एक थेंब पडला आणि एक तरंग उठला. मग दुसरा थेंब, दुसरा तरंग. दोन्ही एकमेकांत शिरले, त्यांतून तिसरीच नक्षी उमटली, आणि बघता बघता सगळा पडदा श्वास घेतल्यासारखा हलायला लागला. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. ताईंनी पिशवीचा बंद घट्ट धरला. आपण तीन वर्षं कशाची टिंगल करत होतो, ते त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

लगेच ‘उपद्रव’ची पाळी. टाळ्या, शिट्ट्या. ओळी सरकायला लागल्या, हशा पिकायला लागला. मास्तरांचं वाक्य जवळ येत होतं आणि ताईंना घाम फुटत होता. वाक्य आलं. "‘वर्तुळ’ हे आपल्या सगळ्यांत हुशार, मेहनती आणि सभ्य मंडळ आहे, आणि त्यांच्याकडून आपण सगळ्यांनी शिकण्यासारखं पुष्कळ आहे..."

पुढचा भाग असा होता, "असं ज्याला वाटत असेल त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत आणि मग डोकं!" पण तो पडद्यावर आलाच नाही. चेंडू थबकला, ओळी थबकल्या. प्रोग्राम अडकला.

पडद्यावर नुसतं कौतुक उरलं, हातभर मोठ्या अक्षरांत, नव्या कोऱ्या वेलांट्यांसकट.

लोक पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सभागृह दणाणून गेलं. पहिल्या रांगेतून एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ उठले. तेच मास्तर. चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "सव्वीस वर्षं शिकवतोय मी. माझ्याबद्दल असं कोणी कधी लिहिलं नाही. खाजकुयली जे कोणी असतील त्यांचे आभार."

भाऊ कॉम्प्युटरपाशी उभा होता. माणूस सरळ. प्रोग्राम अर्धा चालला हे त्याला सोसवेना. "मास्तर, थांबा, वाक्य अजून संपलेलं नाही!" तो ओरडला.

"मग पुढे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

भावाला आठवेना. त्याने मान उंच केली आणि भरल्या सभागृहात मागच्या रांगेला हाक घातली, "ताई, पुढे काय होतं गं?"

दोनशे माना वळल्या. ताई उभ्या राहिल्या. पिशवी छातीशी धरून, कचेरीतल्या आवाजात म्हणाल्या, "पूर्णविराम होता."

चहाच्या वेळी मास्तर त्यांच्याजवळ आले. "पूर्णविराम होता म्हणता?"

"हो."

"तुमची वाक्यं इतकी आखूड नसतात," मास्तर म्हणाले. मग बशी पुढे करून, "बिस्कीट घ्या."

तिथून ‘उपद्रव’ला उतरती कळा लागली. ज्यांना ज्यांना ताईंनी सोललं होतं ते सगळे रांग लावून भेटायला आले. "मी बिजागरीवाला," एक जण लाजत म्हणाला. ‘झेप’चे प्रमुख काठी टेकत आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, खरोखरच धाप लागत होती. ताईंनी प्रत्येकाची चौकशी केली, कोणाला घरगुती उपाय सांगितले. संध्याकाळपर्यंत जवळपास सगळे त्यांना ताई म्हणायला लागले होते. आणि पुढच्या महिन्यापासून धमक्यांच्या जागी पत्रं यायला लागली, "आदरणीय ताई, सा. न. वि. वि." आता अशी पत्रं येणाऱ्या माणसाची दहशत टिकणार कशी?

ताईंनी एक डेमो आणखी लिहिला. भाऊ वाचत गेला तसा त्याचा चेहरा पडत गेला. "‘झेप’च्या दादांनी जिना जपून चढावा. बिजागरीवाल्यांना नोकरी लागली, अभिनंदन." भाऊ म्हणाला, "ताई, हे टोमणे नाहीत गं. हे अंतर्देशीय पत्र झालं."

"आता सगळे ओळखीचे झालेत रे," ताई म्हणाल्या. "तोंडं दिसतात लिहिताना."

त्या डेमोला एकही पत्र आलं नाही. डॉक्टर ‘वर्तुळ’मध्ये गेले, तिथे त्यांची अख्खी चाल वाजली. पेंटर म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो, आणि पुन्हा पाट्यांकडे वळले. त्यांनी नंतर रंगवलेल्या एका दुकानाच्या पाटीवर मात्र मागे डोंगर आणि सूर्य दोन्ही आहेत, दुकान चपलांचं असूनही. भाऊ मागच्या खोलीत टीव्हीची खोकी ठेवायला लागला. रविवारी सकाळी ताईंना करमेना. दोनदा त्यांनी सगळी कपाटं आवरली.

वर्षभराने दुकानात एक फ्लॉपी आली, ‘वर्तुळ’ची, मुद्दाम भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल अशी बनवलेली. भावाने ताईंना बोलावून घेतलं. तरंग उठले, विरले, आणि खालून ओळी वर यायला लागल्या. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच टोमणा मारला होता, "‘उपद्रव’ मंडळ बंद पडलं हे बरं झालं, कारण त्यांचा डेमो चांगला नव्हता."

ताईंनी ते दोनदा वाचलं. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"‘चांगला नव्हता’! हा काय टोमणा झाला? हा तर परीक्षकांचा शेरा झाला," त्या म्हणाल्या. "कागद दे."

आणि भावाच्या कामाच्या टेबलावरची हत्यारं बाजूला सारून, ‘उपद्रव’ला नीट कसं झोडपायचं ते मास्तरांना समजावून सांगायला त्या बसल्या. चौथ्या पानावर आल्या तरी मजकूर आवरेना, तेव्हा भावाने त्यांना आणखी कागद दिले.