अल ऐनचं पाणी आणि शपथ न घेणारा एल्मर

अल ऐनला जायचं ठरलं ते हवापालटासाठी नव्हे. साठच्या दशकातल्या जून महिन्यात हवा बदलायला वाळवंटात जाणारा माणूस वेडाच म्हणायचा. दुबईच्या देऱ्यात माझं पंप, पाइप आणि शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. रत्नागिरीहून मोकळ्या हाताने आलेला मी, तिथवर पोचलो ते जिभेच्या जोरावर. अरबी, हिंदी, इंग्रजी, जी समोर येईल ती बोलायचो. एल्मर नावाचं माझं एक अमेरिकन गिऱ्हाईक अल ऐनला शेती करायचं. त्याचा निरोप लॉरीवाल्याबरोबर आला: "पाण्यावरून तंटा झालाय. काझींसमोर उभं राहायचंय आणि माझी अरबी कच्ची. येशील का?"

गिऱ्हाईक उठलं तर विक्री उठली. निघालो.

आज अल बर्शातल्या माझ्या लेकाच्या घरून गाडी काढली की दीड-दोन तासांत अल ऐन येतं, वाटेत कॉफीसुद्धा मिळते. तेव्हा रस्ता नावाची चीज नव्हती. लॉरीचा ड्रायव्हर खमीस लाल टेकड्या आल्या की टायरमधली हवा सोडायचा, घट्ट जमीन लागली की पंपाने पुन्हा भरायचा. पंप मारायला अर्थातच मी. "यल्ला सेठ, पंप तुम्हीच विकता ना?" म्हणून वर हसायचा. जेवण म्हणजे खजूर, सुकी मासळी आणि पत्र्याच्या डब्यातलं कोमट पाणी. भाडं रुपयांत दिलं, कारण तेव्हा इथे रुपयाच चालायचा. दिरहॅमचा हिशोब मागू नका, मुलं मागतात आणि डोकं उठवतात.

दिवस कलताना पोचलो. खजुराच्या बागांमध्ये एल्मरचा तुकडा लांबूनच ओळखू यायचा, कारण बाकी कुणाचे वाफे असे दोरी लावून आखलेले नव्हते. एल्मर आणि त्याची बायको रूथ ओहायोकडचे मेनोनाइट. म्हणजे ख्रिस्तीच, पण साधं राहायचं, लढाईला जायचं नाही, रविवारी अवजाराला हात लावायचा नाही, असे कडक नेमाचे लोक. घरची मक्याची जमीन भावाकडे सोपवून इथे लसूणघास, टोमॅटो आणि दोन गाई घेऊन बसले होते. इथल्या लोकांना शेतीत मदत करायची म्हणून. पगार विचारला तर एल्मर म्हणाला, "पोटापुरतं मिळतं." मी विषय बदलला.

रूथबाईच्या डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, अंगात घोट्यापर्यंतचा बिनफुलांचा झगा. शेजारच्या बाया तिला आपल्यातलीच समजायच्या. पाटावर कपडे धुताना त्यांच्याकडूनच ती अरबी शिकली होती. जेवणाआधी दोघं डोळे मिटून गप्प बसले. मी पावाला हात घातला होता, तो तसाच हवेत राहिला. मग तोच पाव, लोणी आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली भेंडी. बोला! आमच्या आईने पाहिलं असतं तर बरणी बाहेर फेकली असती. खाल्ली मात्र मी सगळी.

तंटा असा होता. अल ऐनला पाणी फलजचं, म्हणजे डोंगराकडून जमिनीखालून आणलेल्या पाटाचं. प्रत्येकाची पाळी ठरलेली. शेजारी सईदच्या पाळीला सकाळी पाणी एल्मरच्या वाफ्यात वाहताना दिसलं. सईद म्हणतो, एल्मरने पाटाचं दार फोडलं. एल्मर म्हणतो, मी गाई पिळत होतो, बकऱ्यांनी बांध तुडवला असेल. निकाल विरुद्ध गेला तर पुढचं पाणी सईदला. जूनमध्ये एक पाळी चुकली की लसूणघास करपतो आणि तो करपला की गाई उपाशी.

"सोपं आहे," मी एल्मरला म्हणालो. "साक्षीदार कुणी नाही. अशा वेळी काझी तुलाच शपथ घालणार. वल्लाह, म्हणजे अल्लाची शपथ, एवढं म्हणायचं, घरी यायचं. खलास."

"शपथ मी घेत नाही."

"खोटं बोलतोयस का?"

"नाही."

"मग?"

"आमच्यात शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो. नाही म्हणजे नाही. त्याला वरून टेकू लावायचा नाही."

मी रूथबाईकडे पाहिलं. म्हटलं, बायका व्यवहारी असतात. ती म्हणाली, "त्याने घेतली तर मी जेवायला वाढणार नाही." माझं कपाळ!

सकाळी जुन्या किल्ल्याच्या सावलीत चटईवर काझी बसले. म्हातारे, शांत, दाढीला मेंदी लावलेले. सईदने आपलं म्हणणं मांडलं. काझींनी एल्मरकडे बोट केलं. "शपथ घे की पाणी तू वळवलं नाहीस."

एल्मर उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि इंग्रजीत म्हणाला, "मी वळवलं नाही. शपथ घेणार नाही."

आता सांगा, मी काय करायचं? माणूस खरा, गाई उपाशी मरणार आणि काम एका शब्दाने अडलेलं. मी ठणठणीत अरबीत सांगितलं, "वल्लाह, याने पाणी वळवलं नाही."

काझींनी मान हलवली. सईदने सुस्कारा टाकला. झालंच होतं काम! इतक्यात मागे बायकांत बसलेली रूथबाई उठली आणि स्वच्छ अरबीत म्हणाली, "माझा नवरा वल्लाह म्हणाला नाही. म्हणाले ते हे सेठ."

बायका फिसकन हसल्या. काझींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चटईची वीण मोजू लागलो. एल्मर मला विचारतोय, "काय झालं?" काय सांगू त्याला, कपाळ?

काझी म्हणाले, "हा शपथ घेत नाही, तर शपथ सईदकडे जाते. सईद, तू घे, पाणी तुझं."

सईद पुढे आला. तोंड उघडलं. मिटलं. तो म्हणाला, "शेख, मी पाणी पाहिलं. माणूस पाहिला नाही. न पाहिलेल्याची शपथ कशी घेऊ?"

"मग येती पाळी अर्धी अर्धी," काझी म्हणाले. "आणि बकऱ्या बांधून ठेवा. खलास."

परतताना माझा पारा चढलेला. "एका शब्दात सगळं पाणी मिळालं असतं!"

एल्मर म्हणाला, "आज शपथ घेतली असती, तर उद्या माझं नुसतं ‘नाही’ कुणी ऐकलं असतं?" आणि टोमॅटोच्या वाफ्याचं दार कायमचं बुजवायला बसला. अर्धं पाणी गाईंच्या घासाला. टोमॅटो गेले. रूथबाईने कोमेजलेली झाडं स्वतः उपटून गाईंपुढे टाकली. मग मला वाटेसाठी पाव बांधून दिला. राग कुणावर काढायचा?

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. खजुराच्या बागांत फलज अजून वाहतो, गर्द सावलीत तासभर फिरता येतं.

देऱ्याला घरी पोचलो आणि सगळं खैरुनला, माझ्या बायकोला, तावातावाने सांगितलं. तिने मासे साफ करता करता ऐकलं.

"म्हंजे त्याने शपथ घेतली नाय. त्या सईदनेही घेतली नाय."

"नाही ना!"

"मंग वल्लाह म्हटलं कोणी?"

मी माशांवरची माशी हाकलू लागलो.

"तुमी बगितलावता का, पाणी कोणी वळवलं ते?"

"अगो, माणूस सच्चा आहे—"

"बगितलावता का?"

नव्हतं बघितलं. मी वाद घातला, तर्जुमा आणि शपथ वेगळी म्हणालो. तिने सुरी खाली ठेवली आणि न पाहिलेल्याच्या शपथेचं प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घालायचं फर्मान काढलं. मशिदीतल्या मौलवींना विचारायलाही मला सोडलं नाही. तिच्यापुढे मौलवी काय टिकणार!

शुक्रवारी खाडीवरचे दहा हमाल आमच्या अंगणात बसले. सुरमईचं सार, भात, वर खीर. वाढायला मी. त्यातल्या एका बलुची हमालाने विचारलं, "सेठ, खुशी किस बात की?"

"अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याने शपथ घेतली नाही, त्याची," मी वैतागून म्हणालो.

त्याने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "ऐसे किसान और बुलाओ, सेठ. और चावल भी."