सहा सीटचं विमान, मामांचे ब्याऐंशी किलो

नानांचा फोन आला तेव्हा मी एका गोऱ्या बाईला काट्यावर उभं करत होतो. टांझानियाच्या किनाऱ्यावर एक धावपट्टी आहे, तिथं मी चार वर्षं लोडर आहे. बेटांवर जाणारी दोन इंजिनांची छोटी विमानं, पेट्रोलवर चालणारी. माणसं मोजायची, सामान मोजायचं, कोण पुढं कोण मागं ते ठरवायचं आणि आकडे लिहून पायलटच्या हातात द्यायचे. शिक्षण विचाराल तर दहावीत गणितात गेलो. बेरीज-वजाबाकी मात्र तिथल्या मालकाला माझ्यासारखी येत नाही.

"सुट्टी काढ," नाना म्हणाले. "ताईला आणायचीय नांदेडवरनं. इमानानं."

नाना म्हणजे माझे चुलते, चाकणजवळच्या निघोज्याचे. त्यांची ताई, माझी चुलत बहीण, नांदेडला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता आणि बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. दीड वर्षापूर्वी ती गाडीनं माहेरी आली, आणि आल्यावर आठ दिवसांत पोटातलं गेलं. डॉक्टर म्हणाले त्याचा रस्त्याशी संबंध नाही. घरात कुणी ऐकलं नाही. ताईनंही नाही. ती म्हणाली, रस्त्यानं येणार नाही, रेल्वेनं येणार नाही, नाहीतर इथंच होऊ दे. नानांची जमीन कंपनीच्या शेडखाली गेलेली, पैसा आलेला, त्यामुळे विमान हा शब्द आमच्या घरात आता हसण्यावारी जात नाही. ताईला सख्खा भाऊ नाही, आणि माहेरवाशिणीला आणायला मुराळी म्हणून भाऊच लागतो. म्हणून मी.

कुणी असं जायचं म्हणत असेल तर आधी हे वाचा. छोटं विमान भाड्यानं घेणं अवघड नाही. पिंपरीत एका एजंटाचं ऑफिस आहे, खाली टायरचं दुकान, वर हा. भाडं तासावर असतं, जमिनीवर थांबण्याचे वेगळे. एजंटानं दोन फोटो पुढं ठेवले.

पहिलं विमान चार सीटचं. त्याची दोन्ही इंजिनं डिझेलच्या जातीची. मोठ्या विमानांचं जे इंधन असतं, रॉकेलाच्या भावंडासारखं, तेच पितात आणि थोडं पितात. नांदेडला ते भरून मिळतं, म्हणजे जाण्यापुरतं घेऊन निघायचं. दुसरं सहा सीटचं. इंजिनं दांडगी, पण विमानाचं खास पेट्रोल लागतं, आणि ते आपल्याला नांदेडला मिळणार नाही, असं एजंट म्हणाला. म्हणजे येण्याजाण्याचं सगळं इथूनच पाठीवर न्यायचं.

मी नानांना समजावलं. "सहा सीट दिसतात, पण पेट्रोलच दोनशे किलो होतंय. ते माणसांच्या वजनातून जातं. चार सीटचं घ्या. तुम्ही आणि मी जाऊ, येताना ताई तिसरी. आरामात."

नानींनी लगेच मान हलवली. "आन् मी? लेकीची ओटी कोण भरणार?"

"मग तुम्ही आणि मी."

"बाप न्हाई जायचा?" नाना म्हणाले. "आन् तिघं गेलो तर परतीला ताईला सीट कुठंय? शिवाय तिघांनी जायचंच न्हाई. तीन तिघाडा, काम बिघाडा. मामांना घेऊ. मामांबिगर शुभकाम कसं करायचं?"

एजंट हसून म्हणाला, "साहेब, मग सहाचंच."

मामा म्हणजे नानींचे थोरले भाऊ. पंचक्रोशीत लग्न ठरवायचं, मोडायचं, भांडण मिटवायचं तर यांना बोलावतात. बसायला खुर्ची पुढच्या रांगेतली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना चाकणच्या बाजारात नेलं. तिथं एका ओळखीच्या आडत्याच्या गाळ्यावर कांद्याचा मोठा काटा आहे. घरचे छोटे काटे खोटं बोलतात. नाना उभे राहिले, अठ्ठ्याहत्तर. नानी चपला काढून एकसष्ट. मी एकोणसाठ. मामा गोणीवर बसून चहा पीत होते.

"मामा, या."

"मी काय कांदा हाय का?" मामा म्हणाले. गाळ्यावरचे हमाल हसले. एकजण म्हणाला, "मामा, ग्रेडिंग करून घ्या, एक नंबरात जाल." ते ऐकल्यावर तर ते काट्याकडे बघेनातच.

"अंदाजे सांगा मग."

"ब्याऐंशी. लिही."

ब्याऐंशी नव्हते. पायरीवर माणसानं पाय ठेवला की विमान किती दबतं ते बघून मी वजन सांगतो, दोन-तीन किलो इकडेतिकडे. मामा शंभराच्या वर होते. मी नानांकडे बघितलं.

"मामा म्हणत्यात ना ब्याऐंशी? लिही की राव," नाना म्हणाले.

मी लिहिलं. टांझानियात मंत्री आला तरी मी त्याला काट्यावर चढवतो.

निघायच्या दिवशी पहाटे गाडीनं चाकण-शिक्रापूर रस्त्यानं दौंडच्या बाजूला गेलो. या रस्त्याला सहाच्या आत लागायचं, नंतर कंटेनर सोडत नाहीत. आमची धावपट्टी दौंडच्या पुढं होती. तीन तास गाडीत बसून एक तासाचं विमान गाठायचं, आणि रस्त्यानं येणार नाही म्हणणाऱ्या ताईलाही उतरून हेच तीन तास, हा हिशोब कुणी विचारू नये. वाटेत न्हावऱ्याच्या फाट्यावर मिसळ खाल्ली. बरी होती. मामांनी दोन घेतल्या, मी मनात आकड्यात अर्धा किलो घातला.

पायलट बाई होत्या. कॅप्टन मॅडम, देहूरोडच्या, वडील फौजेत. आवाज शांत. त्यांनी माझा कागद बघितला.

"वजनं कुणी घेतली?"

"मी. माझं तेच काम आहे." मी कुठं काम करतो ते सांगितलं.

"मग मला पुन्हा मोजायला नको," त्या म्हणाल्या आणि कागद फळीला लावला.

पुढं त्यांच्याशेजारी कोण बसणार, यावर पाच मिनिटं गेली. नाना म्हणाले मामा. मामा म्हणाले, "न्हाई, तुमी लेकीचे बाप." खरं तर मनातून त्यांना तीच सीट पाहिजे होती. शेवटी जड माणूस पुढंच बरा म्हणून मीच त्यांना बसवलं, आणि तोल ही एकच गोष्ट त्या कागदावर खरी झाली. मागं ओटीचं सामान, साड्या, पेढ्यांचे डबे. कागदावर आम्ही तीन किलोनं मोकळे होतो.

उड्डाणाबद्दल लोक ढगांचं लिहितात. मी धावपट्टीच्या कडेचे पांढरे दगड मोजत होतो. जिथं चाकं उचलायला पाहिजे होती तिथून पुढं बरेच दगड गेले. मॅडमनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा वेगाच्या काट्याकडं. मग उठलो. हवा गार होती, इंजिनं चांगली होती. नानींनी डोळे मिटून हात जोडलेले, मामा खाली बघून सांगत होते, "ती भीमा. न्हाई न्हाई, तो कॅनॉल." वर गेल्यावर शेतं गोधडीच्या तुकड्यांसारखी दिसतात, ते खरं आहे. आवाज मात्र फार असतो. कानात कापूस न्या.

नांदेडला साडेदहाला उतरलो. दाजी, म्हणजे ताईचे मालक, गाडी घेऊन आले होते. ताई दारात उभी होती. पोट पुढं, चेहरा सुजलेला. मला बघून म्हणाली, "काळा झालास रे." तिच्या सासूबाईंनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा असा बेत केला होता. त्या भागात कुणाकडे जेवायचा योग आला तर पाणी आधी मागून घ्या.

जेवताना ताईनं हळूच विचारलं, "पडणार नाही ना रे?"

"दोन इंजिनं आहेत," मी म्हणालो.

"एक बंद पडलं तर?"

"दुसरं नेतं. वजन बरोबर असलं तर."

"तू मोजलंयस ना?"

मी आमटी वाढून घेतली.

विमानतळावर दीड वाजता ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. मॅडमनी आम्हाला सावलीत उभं करून सांगितलं, "गरम हवेत इंजिनाची ताकद कमी होते. या उन्हात एक इंजिन गेलं तर दुसऱ्यानं आपल्याला वर न्यायला हवं. म्हणून मी चाळीस किलो कमी धरते. येताना पेट्रोल जळलंय, त्या जागेत ताई बसतात. तुमच्या आकड्यांनी सगळे बरोबर बसतात, पण सामान शून्य. एक पिशवीसुद्धा नाही."

तुमच्या आकड्यांनी. मामांचे वरचे वीस-पंचवीस किलो माझ्या डोक्यात उभे होते. मला एक वाट सुचली. मी नानांना म्हणालो, "माझा इथं एक मित्र आहे, त्याला भेटून उद्या बसनं येतो." एकोणसाठ किलो कमी झाले की मामांचं खोटं झाकलं जातं, कुणाचा मान जात नाही. मला बरं वाटलं.

ते दोन मिनिटं टिकलं. दाजींच्या गाडीतून टोपल्या उतरल्या. शिदोरी. बुंदीचे लाडू, अनारसे, करंज्या, वर लाल कापड बांधलेलं. पाच टोपल्या.

"एवढं कशाला, विहीणबाई?" नानी म्हणाल्या.

"सुनेला मोकळ्या हातानं पाठवू का मी? लोक काय म्हणतील बगा," सासूबाई म्हणाल्या.

शिदोरी परत केली तर नातं आंबतं. नानांचा चेहरा खुलला. "मॅडम, ह्यो उतरलाय ना? त्याच्या जागी टोपल्या बसत्याल."

मॅडमनी टोपल्या सामानाच्या काट्यावर ठेवल्या. पंचावन्न. कागदावर बेरीज केली. "बसतात," त्या म्हणाल्या.

बसत नव्हत्या. मी बाहेर उभा होतो, ताई आत पट्टा पोटाखालून घेत होती, नानी तिचा पदर सारखा करत होत्या. टोपल्या शेपटीकडच्या खणात गेल्या. डावं इंजिन सुरू झालं. हा आवाज मी रोज ऐकतो. हात वर करून बोटानं गळ्यावर आडवी रेघ ओढली की कुठलाही पायलट इंजिन बंद करतो. मी ती ओढली.

मॅडम खाली उतरल्या. "काय?"

"मामांचा आकडा खोटा आहे. मीच लिहिलाय."

त्यांनी सगळ्यांना उतरवलं. मामांना काही म्हणावं लागलं नाही, ते स्वतःच सामानाच्या काट्याकडे गेले आणि बूट न काढता वर चढले. एकशे सात. सासूबाई दुसरीकडं बघायला लागल्या, दाजी मोबाइल बघायला लागले.

"म्हणजे सकाळी आपण बावीस किलो जास्त होतो," मॅडम मला म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आणि मी तुमच्या भरवशावर काटा बाहेर काढला नाही." मग नानांना म्हणाल्या, "हे खाली राहिले आहेतच. आता मामा किंवा टोपल्या. दोन्ही नाही."

नाना मामांकडे बघेनात, विहीणबाईंकडे बघेनात.

मामा म्हणाले, "टोपल्या जाऊ द्या. आमच्यापरीस लाडू मानाचे." ते हसले, पण कुणाला हसायचं धाडस झालं नाही. दाजींनी मात्र प्रसंग ओळखला. "मामा, तुम्ही संध्याकाळपर्यंत आमच्याकडं थांबणार होतातच की. फराळाशिवाय सोडतोय का आम्ही?"

"मंग काय तर," मामा म्हणाले, आणि जिना उतरल्यासारखे काट्यावरून उतरले.

मॅडमनी कागद नवा केला. माझ्यासाठी आता जागा निघत होती. मी आत गेलो नाही. विमान उठलं तेव्हा मी दगड मोजले. जिथं उठायला पाहिजे तिथं उठलं.

मामा आणि मी संध्याकाळच्या स्लीपर बसनं निघालो. अंगानं मोठ्या माणसाला खालचा बर्थ आधी सांगून घ्या, आम्हाला वरचा मिळाला आणि मामा रात्रभर ड्रायव्हरमागं बसून आले. सकाळी शिक्रापूरला उतरलो. चहा घेतला. कंटेनर सुरू झाले होते.

"तुला आदीच म्हाइत व्हतं का?" मामांनी विचारलं.

"व्हय."

"मंग बाजारात मला वढून का न्हाई घातलं काट्यावर?"

"तुम्ही मोठे."

"मोठा हायच की. एकशे सात," मामा म्हणाले. बशीत ओतलेला चहा त्यांनी संपवला आणि चाकणच्या जीपला हात केला.

घरी पोचलो तर ताई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, पायाखाली उशी. रात्री डॉक्टरांना दाखवून झालं होतं, सगळं ठीक. नाना माझ्याशी बोलले नाहीत, अजूनही फारसं बोलत नाहीत. मामांचा मान गेला तो माझ्यामुळे, असं त्यांचं म्हणणं आहे. मामा स्वतः तसं म्हणत नाहीत.

प्रवास करावा का, असं कुणी विचारलं तर करा. चार सीटचं घ्या. कोण येणार ते ठरवायच्या आधी पेट्रोल कुठं मिळतं ते विचारा. काटा सोबत न्या. परवा मी परत जातोय. मालकाला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि सांगावं की नाही ते ठरत नाहीये.

नानींनी ताईला आणि मला अनारसे दिले. ताईनं अर्धा मोडला.

"माझ्या वेळेला खरं बोललास," ती म्हणाली. "जाताना आई-नाना बसले होते त्यात. तेव्हा नाही बोललास."

तिनं उरलेला अर्धा माझ्या ताटलीत ठेवला आणि पाय पसरून डोळे मिटले.